कंपाउंडच्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं आहे. भिंत, रंग आणि माणसं यांचं कसं जमवावं?

चौकटीबाहेर:

नमस्कार मंडळी. आमच्या कंपाउंडची रस्त्याकडची भिंत १२ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच आहे. समोर ३ मीटरचा फुटपाथ. दिवसभर माणसांची वर्दळ असते, पण भिंतीकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण बघण्यासारखं काही नाहीच. तिथे चित्र काढायचं ठरलंय, आणि तेही राहणाऱ्यांनीच. तीस-पस्तीस जण तयार आहेत, त्यात आठ-दहा लहान मुलं. चित्रकला खरोखर येते अशी माणसं तीन.

भिंतीला सिमेंटचा गिलावा, त्यावर जुना रंग. मधूनमधून पोपडे निघालेत आणि खालच्या पट्ट्यात पांढरी भुकटी हाताला लागते. रंग कोणता आणि किती लागेल, छोट्या कागदावरचं चित्र एवढ्या मोठ्या भिंतीवर कसं न्यायचं, आणि इतकी माणसं एकाच वेळी ब्रश घेऊन उभी राहिली तर गोंधळ कसा टाळायचा, हे हवंय. चित्र असं व्हावं की जाणारा माणूस घटकाभर थांबेल. त्यासाठी काही करता येतं का, की ते नशिबावर?

ओळंबा:

रंगाचं नंतर बघा. ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार फुटलेत. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. त्यावर कितीही चांगला रंग मारा, स्फटिक रंगाच्या मागे वाढतात आणि रंगाचा पापुद्रा ढकलून बाहेर काढतात. भिंतीवरची चित्रं उन्हाने फिकी पडतात हे खरं, पण मरतात ती मागून आलेल्या पाण्याने.

आधी एक चाचणी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा ४५ × ४५ सेंमीचा तुकडा भिंतीवर लावून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. असे तीन-चार तुकडे: एक भुकटीच्या पट्ट्यात, एक मध्यावर, एक वरच्या कडेजवळ. किमान १६ तास ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले किंवा गिलावा काळपट झाला, तर ओल भिंतीत आहे. थेंब फक्त रस्त्याकडच्या बाजूला असतील तर ते हवेतलं दव, त्याची काळजी नको.

आणि दोन गोष्टी बघून कळवा. भिंतीच्या मागे काय आहे? आणि वरचा माथा सपाट उघडा आहे की त्यावर कोपिंग, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीपासून दूर टाकणारं झाकण, आहे?

चौकटीबाहेर:

प्लास्टिक लावून बघितलं. मधल्या आणि उजवीकडच्या तुकड्यांत काही नाही. डावीकडच्या खालच्या तुकड्यात भिंतीच्या बाजूने चांगले थेंब. मागे डाव्या ५ मीटरमध्ये बागेचा वाफा आहे, माती फुटपाथच्या पातळीपेक्षा ४० सेंमी वर आणि भिंतीला टेकलेली. माथा सपाट, कोपिंग नाही.

ओळंबा:

मग सगळा खुलासा झाला. वाफ्याला रोज पाणी घालता, ते भिंत पिते.

माती भिंतीपासून ३० सेंमी मागे हटवा, फुटपाथच्या पातळीपर्यंत खाली. ती चर मोकळी ठेवा किंवा खडी भरा, पण पाणी तिथे साचून राहणार नाही असा तळाला उतार द्या. माथ्यावर कोपिंग करा, दोन्ही बाजूंनी ४-५ सेंमी बाहेर आलेलं, आणि खालच्या अंगाला कडेच्या थोडं आत एक उलटी खाच ठेवायला मिस्त्रीला सांगा. ती खाच विसरली जाते. ती नसेल तर पाणी कोपिंगच्या पोटाखालून सरपटत परत भिंतीवरच येतं, आणि चित्राच्या वरच्या भागात काळे ओघळ दिसू लागतात.

भुकटी कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरा. पाण्याने धुऊ नका, धुतली की विरघळून परत आत जाते. पुन्हा आली की पुन्हा झाडायची. सलग दोन-तीन आठवडे नवी भुकटी आली नाही आणि प्लास्टिकखाली थेंब नाहीत, तेव्हाच पुढे.

शेवाळ असेल तिथे एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी लावून पंधरा मिनिटं थांबा, घासा, मग स्वच्छ पाणी. हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कोणतंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

मग हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत जा. बद्द आवाज आला तिथे गिलावा सुटलेला आहे, तेवढा तोडून नवा करा. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्या, कारण ताजं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि त्याने काही रंगद्रव्यं उडतात. जुना रंग धरून आहे का हे बघायला ब्लेडने फुलीचा छेद द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर तो खरवडावा लागेल. नुसता वरून प्रायमर मारला तर नवं चित्र जुन्या सैल रंगाच्या भरवशावर उभं राहील.

आणि पूर्ण भिंतीवर पुट्टीचा हात मारू नका. घरातली पुट्टी बाहेर मऊ पडते. खड्डे आणि बारीक भेगा भरायला सिमेंटची पुट्टी वापरा, तेवढ्यापुरतीच. खरखरीत भिंत चित्राला वाईट नसते.

रंगपेटी:

रंग: बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शन, मॅट. चकचकीत नको, उन्हात चमक मारते आणि तिरकं बघणाऱ्याला चित्राऐवजी उजेडच दिसतो. ऑइल पेंट तर अजिबात नको, सिमेंटच्या अल्कलीने त्याचा साबण होतो आणि तो चिकट होऊन सुटतो.

हिशोब असा. भिंत साधारण २९ चौरस मीटर. डब्यावर लिटरमागे १०-१२ चौरस मीटर लिहिलेलं असेल, ते गुळगुळीत भिंतीवरचं. खरखरीत गिलाव्यावर ७ धरा. म्हणजे प्रायमर एक हात ४ लिटर, त्यावर पांढरा एक हात आणखी ४ लिटर. पुढे प्रत्येक रंगाला: त्या रंगाचं क्षेत्रफळ गुणिले दोन हात, भागिले ७, वर पाव भाग जास्त. उदाहरणार्थ आकाश तृतीयांश भिंत असेल तर ९.६ × २ ÷ ७ म्हणजे पावणेतीन, पाव भाग धरून साडेतीन लिटर. बाकीचे रंग एकेक लिटर पुरतात. पांढरा ४ लिटर वेगळा ठेवा, मिसळायला आणि चुका झाकायला.

एका छटेचा सगळा रंग एकाच वेळी, एकाच बादलीत तयार करा. अर्ध्यात संपला आणि पुन्हा मिसळला तर तीच छटा येत नाही. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. म्हणून छटा ठरवताना पुठ्ठ्यावर फासून वाळू द्या, मग हो म्हणा.

टिकाऊपणाचं गणित डब्याच्या नावात नसतं, रंगद्रव्यात असतं. गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीची ऑक्साइडं, काळा, पांढरा, आणि थॅलो नावाच्या कृत्रिम रंगद्रव्यांचे निळा व हिरवा वर्षानुवर्षं राहतात. भडक लाल, गुलाबी, जांभळा, लिंबूपिवळा आधी जातात, आणि त्यात पांढरा मिसळून फिका केला की आणखी लवकर. फ्लुरोसंट तर काही महिन्यांचा पाहुणा. पिवळा आणि लाल झाकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. त्यांच्याखाली पांढरा पक्का हवा, नाहीतर तिसरा-चौथा हात मारत बसाल.

वेळ निवडताना भिंत सावलीत असेल ती निवडा. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो, पट्टे उमटतात आणि नीट धरत नाही. सगळं झालं की आठवड्याने वरून पारदर्शक कोट द्या, म्हणजे धूळ पुसता येते.

ओळंबा:

शेवटच्या वाक्याशी असहमत. डाव्या ५ मीटरवर पारदर्शक कोट देऊ नका. जाड कोट बाष्प अडवतो, मागे थोडी जरी ओल राहिली तरी फुगे येतात, आणि फुगा फुटतो तेव्हा चित्रही घेऊन जातो. त्या भागावरचा जुना रंग पूर्ण काढता आला तर सिलिकेटचा खनिज रंग वापरा. तो गिलाव्यावर पापुद्रा धरत नाही, त्याच्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो, आणि भिंत श्वास घेत राहते. जर्मनीत ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे आजचं फॅड नाही. अट एकच, खाली ॲक्रिलिक किंवा प्लास्टिक रंग शिल्लक नको, त्यावर तो जोडलाच जात नाही.

रंगपेटी:

मान्य. उजव्या ७ मीटरवर मॅट कोट, डावीकडे नाही. फक्त दोन्हींची चमक वेगळी दिसू नये म्हणून जोड चित्रातल्याच एखाद्या उभ्या रेषेवर घ्या, झाड किंवा खांब.

तीनचौकटी:

चित्र मोठं करण्याचं उत्तर: १:१० प्रमाण. कागदावर १२० × २४ सेंमी, ३ सेंमीच्या चौकटी. भिंतीवर त्याच ३० सेंमीच्या. ४० उभे रकाने, ८ आडव्या ओळी, एकूण ३२० चौकटी. रकान्यांना अंक, ओळींना अक्षरं, आणि ही नावं भिंतीवरही लिहा. नाहीतर मधल्या भागात सगळे एक चौकट सरकून काढतात आणि चूक टोकाला पोचल्यावर कळते.

पहिली आडवी रेषा फुटपाथवरून मोजू नका, फुटपाथ उताराचा असतो. पाण्याच्या नळीने किंवा लेव्हलने आडवी रेषा घ्या आणि तिथून वर-खाली मोजा. रेषा मारायला खडूची दोरी, दोघांनी ताणून धरायची आणि मध्ये उचलून सोडायची. पूड निळी घ्या, लाल पूड भिंतीत मुरते आणि पिवळ्या-पांढऱ्यातून डोकावते. त्याच कारणाने रेखाटन मार्कर पेनने करू नका. पर्मनंट मार्कर वरच्या दोन हातांतूनही वर येतो. पाणी घालून पातळ केलेला फिका राखाडी रंग आणि बारीक ब्रश सगळ्यात बरा.

चौकटी नको असतील तर दुसरी युक्ती: भिंतभर हव्या तशा खुणा काढा, गोल, फुल्या, अक्षरं, प्रत्येक हातभर अंतरावर वेगळी. समोरून सरळ फोटो काढा, फोनवर त्यावर तुमचं चित्र अर्धपारदर्शक करून ठेवा. मग ‘नाक फुलीच्या जरा वर, गोलाच्या डावीकडे’ असं बघत काढता येतं. १२ मीटरसाठी एका फोटोत काम होत नाही, कडेला आकार ताणले जातात. ३-३ मीटरचे चार फोटो घ्या.

एकच नमुना पुन्हापुन्हा यायचा असेल, पानं किंवा पक्षी, तर जाड कागदावर आकार काढून रेषेवर सुईने भोकं पाडा. भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटा. ठिपके उमटतात, ते जोडायचे.

पाण्याची बादली:

माणसांचं सांगते, कारण भिंतीपेक्षा तिथेच जास्त बिघडतं.

एका माणसाला १.२ मीटर जागा द्या. म्हणजे १२ मीटरला एका वेळी १० जण, अकरावा नको. दीड तासाच्या तीन पाळ्या केल्या की तीस जण एका दिवसात होतात. दीड तासापेक्षा मोठी पाळी नको, नंतर हात थकतो आणि कडा सुटायला लागतात.

आदल्या दिवशी चित्रकला येणाऱ्या तिघांनी सगळे आकार रेखाटून प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक लिहायचा. अंक त्याच रंगाने लिहा, म्हणजे रंगवल्यावर तो आपोआप झाकला जातो. प्रत्येक बादलीच्या झाकणावर तोच क्रमांक आणि रंगाचा एक ठिपका. मग कोणालाही विचारावं लागत नाही. काढायला न येणारा माणूस ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणून मागे उभा राहतो, पण ‘चार नंबर भरा’ म्हटलं की पुढे येतो.

हातात मोठा डबा कधीच देऊ नका. छोट्या डब्यात बोटभर उंचीचा रंग, फार तर १०० मिली. सांडला तर तेवढाच सांडतो, आणि उघडा राहून साय धरत नाही. रंग ओतायला एकच माणूस ठेवा. तो जागचा हलायचा नाही, ब्रश हातात घ्यायचा नाही. हे काम कोणाला नको असतं, पण तो नसेल तर तासाभरात सगळ्या बादल्यांत एकमेकांचे ब्रश बुडतात आणि तुमचे आठ रंग एकाच मातकट रंगाचे होतात.

ब्रश: मोठ्या भागाला ५० मिमीचे सपाट, मध्यम २५ मिमी, कडांना १२ मिमीचे. मुलांना २५ चेच द्या, बारीक ब्रश मुलं भिंतीत खुपसतात आणि केस पसरतात. मुलं खालच्या मीटरभरात, मोठी माणसं त्यावर, आणि वरचा पट्टा घोडीवर उभं राहून फक्त सवय असलेल्यांनी, तोही मुलांची पाळी संपल्यावर. घोडीखाली मूल कधीच नको. शिडी फुटपाथवर लावत असाल तर एक माणूस फक्त ती धरायला.

सगळ्यांना एकच नियम सांगा: रेषेपासून बोटभर आत थांबा. ती बोटभर जागा आणि सगळ्या कडा दुसऱ्या दिवशी ते तिघं भरतात. भिंतीवरचं चित्र नीटनेटकं दिसतं ते कडांमुळे, आतला भाग कोणी भरला ते कळतही नाही. आणि दुरुस्ती त्या माणसासमोर करू नका.

धुण्यासाठी तीन बादल्या: पहिल्यात रंग सोडायचा, दुसऱ्यात धुवायचा, तिसऱ्यात तपासायचा. ते पाणी रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका. बादली रात्रभर ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं पाणी घरातल्या मोरीत, तळाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. कपड्यांवरचं ॲक्रिलिक ओलं असतानाच निघतं, वाळलं की नाही. फुटपाथवर कापड अंथरा, प्लास्टिक नको, त्यावर पाय घसरतात.

रंगपेटी:

पाऊस येण्याचा संभव असेल तर त्या दिवशी रंगवूच नका. इमल्शन हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण त्याचा पापुद्रा तेवढ्यात पक्का होत नाही. त्या वेळात सर आली की चित्र ओघळतं.

जाताजाता:

थांबण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. सहज चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.३-१.४ मीटर जातो. तुमच्या १२ मीटरला जेमतेम ९ सेकंद. आणि ३ मीटरच्या फुटपाथवरून त्याला पूर्ण चित्र कधीच एकदम दिसत नाही, तिरकंच दिसतं. तेव्हा एक मोठा देखावा, मध्यभागी मुख्य गोष्ट, असं चित्र पलीकडच्या फुटपाथसाठी होईल, इकडच्यासाठी नाही. दोन्ही हवं असेल तर आकार मोठे आणि साधे ठेवा, आणि त्यांच्या आत बारीक गोष्टी लपवा. दीड मीटरच्या उंचीला मोठ्यांसाठी, एक मीटरला मुलांसाठी. एकच मांजर पाच ठिकाणी लपवलं तर लहान मूल ती पाचही शोधल्याशिवाय पुढे जात नाही, आणि त्याचा हात धरलेला माणूसही मग जात नाही.

तळाच्या २५-३० सेंमीत काही महत्त्वाचं काढू नका. रस्त्यावरचे शिंतोडे तिथेच बसतात. गडद रंगाचा साधा पट्टा द्या, तो पुन्हा रंगवायला सोपा.

विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मोकळ्या चौकांमध्ये माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात याचं कॅमेऱ्याने निरीक्षण केलं. त्याला दिसलं की माणसं बसायला जागा असते तिथे बसतात, आणि बघतात ती मुख्यतः दुसरी माणसं. शिवाय एखादं शिल्प किंवा खेळ करणारा समोर असेल तर दोन अनोळखी माणसं त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलायला लागतात. हे तुमच्यासाठी कामाचं आहे. चित्रासमोर बाक ठेवलं तर ते भिंतीला पाठ लावून नको, रस्त्याच्या कडेला, जरा तिरकं, म्हणजे चित्र आणि येणारी-जाणारी माणसं दोन्ही दिसतील. उंची ४५ सेंमी, आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळे राहिले पाहिजेत.

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ हे १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी शिल्प १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात उभं केलं. तिथे काम करणाऱ्यांना रोज त्याला वळसा घालून जावं लागे. तक्रारी वाढत गेल्या आणि १९८९ मध्ये ते काढलं. शिल्प चांगलं की वाईट यावर अजून वाद घालता येतो, पण माणसांची पायवाट अडवली होती हे नक्की. तुमचं बाक, कुंड्या, दिवे ठेवताना एवढं बघा.

खडूचा डबा:

एक भर. शेवटचा दीड-दोन मीटरचा भाग फळ्याच्या रंगाने काळा करा आणि खडू ठेवा. कॅन्डी चँग यांनी २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या एका सोडून दिलेल्या घराच्या भिंतीवर असंच केलं होतं. ‘मरण्यापूर्वी मला...’ असं अर्धं वाक्य स्टेन्सिलने ओळीओळीने छापलं आणि पुढची जागा मोकळी सोडली, लोकांनी भरली. नुसत्या रिकाम्या फळ्यावर नावं आणि शिव्या येतात. अर्धं वाक्य दिलं की माणूस विचार करतो.

रंगाला तीन दिवस वाळू द्या. मग खडू आडवा धरून पूर्ण फळा घासून पांढरा करा आणि कोरड्या कापडाने पुसा. हे न करता पहिल्यांदा लिहिलेलं वाक्य पुसल्यावरही सावलीसारखं दिसत राहतं, कायमचं.

दप्तरी:

छोटी गोष्ट. लेखी परवानगी घ्या, भिंत ज्यांची आहे त्यांची आणि फुटपाथ ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांची. त्यात चित्र किती वर्षं ठेवायचं, दुरुस्ती कोण करणार, आणि पुसायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, हे तीन मुद्दे लिहा. न्यूयॉर्कमधल्या फाइव्हपॉइंट्झ इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी केली, आणि २०१८ मध्ये मालकाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यावेत असा निकाल न्यायालयाने दिला. तिथला कायदा वेगळा, पण आधी लिहून ठेवलं असतं तर दोन्ही बाजूंचं बरं झालं असतं.

चौकटीबाहेर:

सगळ्यांचे आभार. वाफ्याची माती हटवायला सुरुवात करतोय. पाच मांजरं नक्की. शेवटची शंका: दुरुस्तीसाठी उरलेला रंग किती दिवस टिकतो?

रंगपेटी:

घट्ट झाकण, सावली, आणि डबा जितका भरलेला तितका बरा. उरलेला रंग मोठ्या बादलीत ठेवू नका, काचेच्या छोट्या बरण्यांत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. झाकणावर क्रमांक आणि तारीख लिहा. पाणी घालून पातळ केलेला साठवू नका, तो कुजतो. आंबट किंवा सडका वास आला तर फेकायचा. असा ठेवला तर साधारण वर्षभर सहज चालतो. मात्र वर्षाने भिंतीवरचा रंग थोडा फिका झालेला असतो, म्हणून मध्येच ठिगळ लावू नका. तो आकार रेषेपासून रेषेपर्यंत पूर्ण रंगवा.